पूर्वजांचा शोध आणि कागदाचा कौल

मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील एखाद्या कुटुंबाच्या वारसाने आज आपल्या पणजोबांचा माग काढावयाचे ठरविले, तर गावी जाऊन त्याचे काम भागत नाही. कारण गावच उरलेले नाही. ज्या विस्थापनाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला आणि ज्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केले, त्या विस्थापनात घरे, पार आणि देवळे बुडाली. मागे राहिले ते कागद.

हा प्रश्न केवळ कुलाभिमानाचा असता, तर त्यावर रकाने खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात आज पूर्वजाच्या एका नोंदीवर मुलाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. जातप्रमाणपत्राची पडताळणी करणाऱ्या 2000 च्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावरच टाकला आहे. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा कागद म्हणूनच मोलाचा ठरतो. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा कोतवाल बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे आणि मोडीतील जुनी दप्तरे यांना एकाएकी केवढे महत्त्व आले, हे सर्वांनी पाहिलेच आहे.

पण हे कागद मुळात कोणासाठी लिहिले गेले? वतन, सारा, फेरफार यांसाठी. ज्याच्यापाशी जमीन, त्याचे नाव दप्तरात. ज्याला तीर्थयात्रा परवडे, त्याची वंशावळ नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. मुळशीच्या डोंगरउतारांवर राहून कोळसा पाडणाऱ्या आणि पुढे वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकऱ्याचे नाव कोणत्या वहीत सापडावे? स्त्रियांचे तर विचारूच नये. लग्नाबरोबर माहेरचे नाव जाते आणि वंशावळीत ती केवळ कोणाची तरी भार्या उरते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. पण कागदच नसलेल्याची अडचण त्याने संपत नाही.

मग विज्ञानाकडे वळावे काय? थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वज सांगणाऱ्या डीएनए चाचण्या आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आहेत. त्यांचे सामर्थ्य खरे आहे. सह्याद्रीपलीकडील कोकणपट्टीत स्थायिक झालेल्या बेने इस्रायल समाजापाशी आगमनाचा लेखी पुरावा नव्हता, होती ती परंपरेची आठवण. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे असल्याचे दाखविले. परंतु हे उत्तर समाजाचे झाले, घराण्याचे नव्हे. वाय गुणसूत्र बापाची एकच धार सांगते, मायटोकॉन्ड्रियातील डीएनए आईची एकच. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात 1,024 पूर्वजांच्या जागा भरतात. त्यांतील अनेकांचा एक अंशही आपल्या शरीरात उरलेला नसतो. शिवाय जात ही समाजाने लावलेली खूण आहे. ती रक्तात शोधणे व्यर्थच नव्हे, तर धोक्याचेही आहे. ज्या समाजात गोत्र-कुळाच्या नावाखाली माणसे तोडली गेली, तेथे जनुकांची नवी सोवळी-ओवळी निर्माण होऊ देता कामा नये.

शिवाय हा नमुना एकट्याचा नसतो; तो भावंडांची आणि मुलांचीही माहिती देतो. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीतून 2023 साली सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, हे विसरू नये.

तात्पर्य, प्रयोगशाळा दप्तराची जागा घेऊ शकत नाही. दप्तरच सर्वांसाठी उघडे आणि न्याय्य केले पाहिजे. मोडी वाचणारे तज्ज्ञ आज थोडे आहेत. महाविद्यालयांतून ते तयार करावेत. तहसील, शाळा व पुराभिलेखागारातील नोंदींच्या प्रती काढून त्यांची सूची गावनिहाय सर्वांना पाहता यावी. आणि ज्यांच्या पूर्वजांना दप्तराने कधी जागाच दिली नाही, त्यांच्याकडे पुरावा मागण्याऐवजी शासनाने स्वतः गृहचौकशी करून तो उभा करावा. ज्याची नोंद राज्याने घेतली नाही, त्याच्या माथी नोंद नसल्याचा दोष मारणे हा न्याय नव्हे.