उसनी काच, आपले ऊन

आलिशान घराचे जे चित्र आज मध्य भारतात विकले जाते, ते मुळात थंड देशातले आहे. दोन मजल्यांइतकी उंच बैठकीची खोली, जमिनीपासून छतापर्यंत गेलेली न उघडणारी काच, छज्जा नसलेला सपाट दर्शनी भाग, काळसर राखाडी क्लॅडिंग. बंगला भिलाईच्या बोरसीतला असो, रायपूरच्या नव्या वसाहतीतला असो की नागपूरबाहेरच्या एखाद्या ले-आउटमधला, माहितीपत्रकावर बहुधा हेच घर असते. परदेशातून काही घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. थंड हवामानातल्या घरबांधणीकडून आपण शिकावे असे पुष्कळ आहे. आमची तक्रार अशी की आपण त्यातले शिकण्यासारखे सगळे तिथेच ठेवले आणि त्या घराचा सर्वांत दुबळा भाग तेवढा उचलून आणला. ही निवड घरमालकाच्या नावावर जमा होते, पण ती कागदावर उतरवणारे हात आपले, म्हणजे आर्किटेक्ट, अभियंते आणि कंत्राटदारांचे असतात.

थंड प्रदेशात घर निवडताना तिथला जाणता माणूस काय पाहतो? ऑस्लोमध्ये डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम सात अंश चढतो. तो खिडकीतून आडवा आत शिरतो आणि खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. म्हणून तिथे दक्षिणेची खिडकी मोठी ठेवण्यात अर्थ आहे. पण त्याच खिडकीतून रात्रभर उष्णता बाहेर जाते, आणि रात्र तर अठरा तासांची. कॅनडातल्या रिजायना शहरात 1977 साली सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस बांधले गेले, जर्मनीत डार्मस्टाट इथे 1991 मध्ये पहिली पॅसिव्ह हाउस घरे उभी राहिली. या दोन्ही प्रयोगांचा भर होता जाड उष्णतारोधक थरावर, हवा गळू न देणाऱ्या सांध्यांवर आणि जुनी हवा बाहेर टाकताना तिच्यातली ऊब राखून ठेवण्याच्या यंत्रणेवर. पॅसिव्ह हाउसच्या उत्तम तीन-पदरी खिडकीची यू-व्हॅल्यू 0.8 च्या आसपास असते, तर शेजारच्या भिंतीची 0.15 च्या. म्हणजे सर्वोत्तम काचही भिंतीपेक्षा पाचपट उष्णता घालवते. टोरांटोतल्या काचेच्या उंच इमारतींवर तिथलेच तज्ज्ञ टीका करतात ती याच कारणाने. आपल्या लडाखमध्ये फे गावाजवळच्या सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आहेत आणि त्यांची काच दक्षिणेलाच आहे. तिथे काच मिरवायला लावलेली नाही, ती सूर्य मोजून लावली आहे. थंड देशांत रोजच्या राहणीचा विचारही तसाच बारीक असतो. बर्फाचे बूट आणि ओले कोट उतरवायला दाराशी दुहेरी दारांची स्वतंत्र खोली असते, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून बाहेरच्या भिंतीपासून लांब घेतात, खिडकीच्या चौकटीवर दव साचू नये याची काळजी घेतात. तिथे आलिशान घर म्हणजे जानेवारीच्या पहाटे कुठल्याही खोलीत अनवाणी चालता येईल असे घर.

आता हाच प्रश्न भिलाईत विचारू. हे शहर साधारण 21.2 अक्षांशावर आहे. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत ऊन जवळजवळ लागत नाही. डिसेंबरात मात्र तिथे दुपारी पंचेचाळीस अंशांतून हवेहवेसे ऊन येते. छज्जा दक्षिणेला उत्तम काम करतो तो यामुळे. पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे. मेमध्ये दुपारी चार वाजता सूर्य चौतीस अंशांवर उतरलेला असतो आणि दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर दीड फूटही येत नाही. पश्चिमेच्या दहा चौरस मीटर साध्या काचेवर दर चौरस मीटरला 600 वॉट ऊन पडते असे धरा, त्यातला आठ-दशांश भाग आत येतो. ही झाली 4.8 किलोवॉट उष्णता. बाहेर 44 आणि आत 26 अंश असताना काचेतून नुसत्या तापमानातल्या फरकाने आणखी एक किलोवॉट येते. बेरीज साधारण 1.65 टन. म्हणजे दीड टनाचा एसी माणसांसाठी नाही, फक्त त्या काचेसाठी चालतो आणि तरीही कमी पडतो. त्याच जागी नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत असती, तर उन्हाने तापलेला तिचा पृष्ठभाग हिशेबात धरूनही फार तर सहावा-सातवा हिस्सा उष्णता आत आली असती, आणि तीही काही तास उशिरा. हा हिशेब पदविकेच्या विद्यार्थ्यालाही येतो. तो नकाशावर मांडला जात नाही, एवढीच अडचण आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढे महाग घर घेणारा एसीचे बिलही भरू शकतो, मग चिंता कसली? बिल तो भरेलही. पण एसी हवा गार करतो, काच नाही. शेजारची काच चाळीसच्या वर तापलेली असेल तर हवा 24 अंशांवर असूनही सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या अंगाला झळ लागते, कारण शरीर आजूबाजूच्या पृष्ठभागांशीही उष्णतेची देवघेव करत असते. मग तो तापमान 20 वर आणतो, पडदे ओढतो आणि दिवसा दिवे लावतो. ज्या दृश्यासाठी काच लावली ते एप्रिल ते जून पडद्याआड जाते. वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी बहुधा नाही, आणि न उघडणाऱ्या काचेमागे बसणे अशक्य होते. कूलरचे गणितही इथे बिघडते. मार्च ते जूनच्या पूर्वार्धापर्यंत आपल्याकडची हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्यांपासून आजच्या कूलरपर्यंत सगळे त्या कोरडेपणावर चालत आले. पण कूलरला बाहेरची हवा आत घ्यावी लागते आणि तितकीच दुसऱ्या बाजूने बाहेर सोडावी लागते. वाटच बंद असेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. म्हणजे या हवामानातले सर्वांत स्वस्त आणि चांगले साधन आपण महागड्या घरातून नकाशावरच बाद करतो.

पावसाळ्यात गरज उलटी होते. हवा दमट होते, तेव्हा वारा खेळायला हवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत, त्यांतल्या संमिश्र विभागात आपला हा पट्टा येतो: कोरडा ताप, दमट पाऊस आणि सौम्य थंडी, तिन्ही एकाच घराला सोसायची. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने तयार केलेल्या आणि 14 डिसेंबर 2018 रोजी जाहीर झालेल्या इको निवास संहितेत संमिश्र हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान 12.5 टक्के असावे असे म्हटले आहे. थंड विभागासाठी हाच आकडा 8.33 टक्के आहे. पंधरा बाय सोळाच्या खोलीला या हिशेबाने तीस चौरस फूट उघडणारी खिडकी हवी. सहा बाय पाचची दोन ट्रॅकची सरकती खिडकी लावली की तीस फूट भरले असे आपल्याला वाटते, पण ती एका वेळी निम्मीच उघडते. भरतात पंधरा. नुसत्या न उघडणाऱ्या काचेच्या खोलीत शून्य. बिजागरीच्या झडपा जुनाट दिसतात हे कारण यापुढे टिकणारे नाही. चांगल्या यूपीव्हीसी वा अॅल्युमिनियम चौकटीत त्या आज घट्टही बसतात आणि पूर्णही उघडतात. सांधे घट्ट असणे हा थंड देशाचा धडा आणि पूर्ण उघडणे ही आपली गरज, एकाच झडपेत दोन्ही साधतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो आपल्यातलेच अनेकजण मांडतात: गिऱ्हाइकालाच असे घर हवे असते, मुले टोरांटो किंवा न्यूजर्सीत राहतात, त्यांनी पाठवलेले फोटो समोर ठेवले जातात, नाही म्हणावे तर काम दुसरीकडे जाते. हे खरे आहे. पण गिऱ्हाईक फोटो दाखवते तेव्हा ते एक इच्छा सांगत असते: घर उजळ असावे, प्रशस्त वाटावे, पाहुण्यांना आवडावे. ती इच्छा कुठल्या काचेने, कुठल्या दिशेला पुरी करायची हे ठरवण्यासाठीच ते आपल्याला पैसे देते. थ्रीडी चित्रात तापमान दिसत नाही. त्याच्या जोडीला घराची दिनचर्या मांडणारा एक कागद द्यावा: मे महिन्यात दुपारी तीनला आजी-आजोबा कुठल्या खोलीत असतील, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवर पश्चिमेचे ऊन येते का, पापड-कुरडया किंवा इकडच्या बडी-बिजौरीची वाळवणे कुठे पडतील, जुलैत कपडे कुठे वाळतील, दिवाळीत ती अठरा फुटी काच बाहेरून कोण आणि कशी पुसणार. चित्रावर खूश झालेला माणूस हा कागद वाचून काच उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळवायला तयार होतो, कारण प्रश्न त्याच्या घरातल्या माणसांचा असतो. ज्याला तरीही पश्चिमेची काचच हवी, त्याला काचेच्या बाहेर उभ्या पट्ट्या, जाळी किंवा खोल व्हरांडा घालून द्यावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरची सावली आधीच.

तिसऱ्या बाजूने असेही म्हटले जाते की मग वाड्यांकडे परत जा, चौक, ओसरी आणि खपरैल घेऊन. हा मार्ग आम्ही सुचवत नाही. चाळीस बाय साठच्या प्लॉटवर सोडायच्या जागा वजा केल्या की चौकाला जागा उरत नाही, कौले शाकारणारे हात मिळत नाहीत, डास आणि सुरक्षितता हे प्रश्नही खरे आहेत. पण इकडच्या गावच्या घराची परछी आणि आपली पडवी यांनी जे काम केले, म्हणजे ऊन भिंतीला लागण्याआधी अडवले, ते काम आजच्या काँक्रीटमध्येही करता येते. तंत्र परक्याकडून घेऊन घर आपल्या हवेचे ठेवण्याचे मोठे उदाहरण भिलाईकरांपुढे आहेच. पोलाद कारखान्यासाठी 1955 च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञान आले आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टी कशी चालवायची ते बर्फाच्या देशाकडून शिकलो, पण सेक्टरांमधली क्वार्टर्स मॉस्कोच्या घरांसारखी बांधली गेली नाहीत. ती बुटकी राहिली, मोकळ्या जागेत आणि झाडांत राहिली.

उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन झेलणारा भाग मात्र गच्ची आहे, आणि दर्शनी भागाच्या चर्चेत तिचे नाव निघत नाही. इको निवास संहितेनुसार छताची यू-व्हॅल्यू 1.2 पेक्षा जास्त नसावी. पाच इंची उघड्या स्लॅबची तिच्या जवळजवळ तिप्पट भरते. स्लॅबवर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएस फोमचा थर, त्यावर कोबा आणि पांढरे चायना मोझेक घातले की ती सहज 0.7 च्या खाली येते, आणि इटालियन मार्बलच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. थंड देशाकडून खरोखर उचलायची वस्तू असेल तर हा थर. 2018 च्या या संहितेचा अंमल पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरबांधणीसाठी आहे. म्हणजे सुमारे 5,400 चौरस फुटांखालच्या प्लॉटवरचा बंगला, आणि वसाहतींतले बहुतेक बंगले तसेच असतात, तिच्या कक्षेबाहेर राहतो. तिथे कायदा हात देणार नाही. नकाशावर सही करणाऱ्यानेच हे आकडे लिहायचे. या मासिकापुरते आम्ही असे ठरवले आहे की पुढच्या अंकापासून कुठल्याही निवासी प्रकल्पाची छायाचित्रे छापताना त्यांच्यासोबत प्रत्येक दर्शनी बाजूच्या काचेचे क्षेत्र, उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र, छताची यू-व्हॅल्यू आणि मेमधल्या एका आठवड्यात मुख्य खोलीत एसी बंद ठेवून दुपारी घेतलेल्या तापमानाची नोंद छापू. ज्या आर्किटेक्टांकडे ही नोंद नसेल त्यांना तापमापक संपादकीय कार्यालयातून पाठवला जाईल.