न मोजलेली माणसं

संख्याशास्त्र म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे जांभई. दुसरी, "आकड्यांनी काय हो, काहीही सिद्ध करता येतं!" आज या दुसरीबद्दल लिहायचंय, तेव्हा मंडळी, जांभई जरा आवरा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख माणसं जास्त दगावली. कोविडमृत्यूंचा सरकारी आकडा होता सुमारे ४ लाख ८१ हजार. जवळजवळ दहापट फरक! सरकारने लगेच हरकत घेतली : हा आकडा मोजलेला नाही, गणिती मॉडेलमधून काढलेला आहे.

हरकत अगदीच खोटी नव्हती. संघटनेकडे सगळ्या देशाची मोजणी नव्हतीच. १७ राज्यांतल्या मृत्यूंची जी माहिती हाती लागली, तिच्यावरून देशाचा अंदाज बांधला. अंदाजाला पट्टाही होता, साधारण ३३ लाख ते ६५ लाख. बातम्यांत मात्र नुसते ४७ लाख उरले आणि पट्टा गळून पडला. मला हे चुकीचं वाटतं. मॉडेल मानायचं तर पट्ट्यासकट मानावं, नाहीतर ते शास्त्र न राहता भविष्य होतं.

पण मुळात मॉडेल लागलंच का? कारण आपल्याकडे माणूस गेला की त्याची नोंद झालीच तरी "कशाने गेला" हे डॉक्टरने लिहिलेलं असतं ते जेमतेम पाव नोंदींत. बाकीचे घरीच जातात, किंवा वाटेत.

सर्पदंशाचंच बघा. 'मिलियन डेथ स्टडी' या पाहणीत निवडक वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन नातेवाइकांना विचारलं गेलं, मग त्या जबान्या दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वाचून कारण ठरवलं. तापाने गेला तर मलेरिया होता की आणखी काही, यावर वाद होऊ शकतो (आणि झालाच). साप चावला हे मात्र घरच्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यावरून २००५ सालासाठी अंदाज निघाला सुमारे ४६ हजार मृत्यूंचा. यातले बहुतेक दवाखान्याबाहेरचे, म्हणजे दवाखान्यांचे कागद चाळून हे कधी कळलंच नसतं. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. जे दिसतच नाही ते निम्मं कसं करणार?

आता पुन्हा कोविड. २०२१ सालच्या मृत्युनोंदणीचे आकडे सरकारने स्वतः प्रसिद्ध केले ते मे २०२५ मध्ये. त्या वर्षी १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले, आदल्या वर्षी ८१ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ! थोडी वाढ नोंदणी सुधारल्यामुळेही असेल. यातून ४७ लाख सिद्ध होत नाहीत हेही खरं. पण २०२१ चे सरकारी कोविडमृत्यू होते सुमारे ३ लाख ३० हजार, आणि तो आकडा फारच तोकडा होता हे कळायला मॉडेल लागत नाही, वजाबाकी पुरते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : मॉडेल ही कुबडी आहे. पाय बरा होईतो हवीच. पण पायाला प्लास्टर घालायचं नाही, एक्स-रे चार वर्षं कपाटात ठेवायचा आणि वर कुबडीला नावं ठेवायची, हे कसं चालेल?

शेवटी या आकड्यांमागे घरं आहेत. कोविडने गेलेल्याच्या कुटुंबाला ५० हजारांची मदत ठरली, पण त्यासाठी मृत्यू कोविडचा म्हणून मान्य व्हायला हवा होता. मोजणीत न आलेला माणूस मदतीतही येत नाही.

तेव्हा एक विनंती. घरात कुणी गेलं तर २१ दिवसांच्या आत नोंद करा, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूचं कारण लिहून घ्या. त्या दिवसांत हे जड जातं, ठाऊक आहे. पण तेवढा एक माणूस तरी अंदाजातून मोजणीत येतो.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.