लढाऊ धर्मसंघ आणि नकाराचा अधिकार

मध्ययुगीन युरोपच्या राजकारणावर रचलेल्या संगणकीय खेळांमध्ये ‘क्रुसेडर किंग्ज’ या मालिकेची योग्यता फार वरची आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. स्टॉकहोमच्या पॅरडॉक्स कंपनीने तिचा दुसरा भाग २०१२ साली आणि तिसरा २०२० साली प्रसिद्ध केला. या खेळात खेळणारा हा एका घराण्याचा कर्ता असतो. भाऊबंदांचे हेवेदावे, मांडलिकांचे रुसवेफुगवे, वारसाहक्काचे तंटे, सोयरिकींतून हाती येणारे मुलूख आणि अल्पवयीन वारसाच्या काळात डळमळणारी गादी यांचा त्यात जितका बारकाईने विचार केलेला आहे, तितका दुसऱ्या कोणत्या खेळात क्वचितच आढळेल. आणि म्हणूनच, टेंपलर, हॉस्पिटलर आणि ट्यूटॉनिक या लढाऊ धर्मसंघांच्या बाबतीत हाच खेळ इतका उथळ का झाला, हा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही.

खेळातील योजना थोडक्यात अशी आहे. राजा सत्कृत्ये करून पुण्य साठवतो. परधर्मीयांशी अथवा पाखंड्यांशी युद्ध जुंपले की त्या साठ्यातून ठराविक पुण्य खर्ची टाकतो. त्यासरशी हजारो कसलेले योद्धे त्याच्या दिमतीस हजर होतात, तो नेमील त्या किल्ल्याला वेढा घालतात, तो दाखवील त्या फौजेवर तुटून पडतात, आणि युद्ध संपले की आपापल्या मुक्कामी निघून जातात. स्वधर्मीय शत्रूविरुद्ध मात्र त्यांना बोलावता येत नाही.

या योजनेचे समर्थन करणारे रसिक थोडेथोडके नाहीत, आणि त्यांचे म्हणणे पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखेही नाही. ते म्हणतात की, हे योद्धे द्रव्यासाठी लढत नव्हते, श्रद्धेसाठी लढत होते, तेव्हा त्यांचे मोल सोन्यात न मोजता पुण्यात मोजणे हेच इतिहासाला धरून आहे. त्यांनी परधर्मीयांशी लढण्याचे व्रत घेतलेले असल्यामुळे अशा युद्धाची हाक येताच त्यांनी हजर व्हावे, हेही ओघानेच आले. शिवाय, खेळ म्हटला की संक्षेप आलाच. प्रत्येक संस्थेचे सगळे दप्तर उलगडून ठेवायचे म्हटले, तर खेळणाऱ्याने खेळावे केव्हा?

पहिल्या युक्तिवादात सत्याचा अंश मोठा आहे. राजाची धार्मिक प्रतिष्ठा हे त्या काळी प्रत्यक्ष राजकीय बळ होते, आणि ते बळ साठवता येते, खर्ची घालता येते आणि वाया दवडताही येते, ही या खेळाची कल्पना खरोखर मार्मिक आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात ट्यूटॉनिक योद्धा म्हणजे किल्ल्यात तयार होणारा एक संथ पण चिवट पायदळ शिपाई, यापलीकडे काही नाही, त्याच्याशी ताडून पाहता ‘क्रुसेडर किंग्ज’ने टाकलेले पाऊल कितीतरी पुढचे आहे. परंतु श्रद्धेने माणसे संघात येत, श्रद्धेने त्यांचे पोट भरत नसे. गॅलिलीतील साफेद येथे टेंपलरांनी १२४० पासून जो प्रचंड दुर्ग नव्याने बांधून काढला, त्याच्या बांधकामाचा समकालीन वृत्तान्त उपलब्ध आहे. पहिल्या अडीच वर्षांत स्थानिक उत्पन्न खर्ची पडून वर आणखी ११ लाख बेझंट नाणी लागली. शांततेच्या काळात त्या दुर्गात रोज १,७०० माणसांचे पान वाढावे लागे, युद्धकाळी २,२०० माणसांचे. आणि या सगळ्या माणसांत संघाची दीक्षा घेतलेले सरदार होते अवघे ५०. बाकीचे तिरंदाज, घोडेस्वार, मजूर आणि गुलाम. गहू आणि बार्ली मिळून वर्षाला १२,००० खेचरांची ओझी आत यावी लागत.

हा पैका कोठून येई? तो येई युरोपभर पसरलेल्या संघाच्या इनाम जमिनींतून. कोणा सरदाराने मृत्युपत्रात लिहून दिलेले शेत, कोणा विधवेने आत्म्याच्या शांतीसाठी दिलेली गिरणी, कोणा राजाने सनद करून दिलेले गाव, अशा शेकडो लहानमोठ्या देणग्यांची ठाणी बांधून प्रत्येक ठाण्यावर एक कारभारी नेमलेला असे आणि उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा पूर्वेकडील युद्धासाठी पाठवावा, असा दंडक असे. दक्षिण फ्रान्समधील लार्झाकच्या ओसाड पठारावर टेंपलरांच्या मेंढ्यांचे मोठमोठे कळप चरत, आणि अशाच ठाण्यांच्या लोकरीवर आणि धान्यावर हजार कोसांवरच्या किल्ल्यातली तटबंदी उभी राही. खेळाच्या तिसऱ्या भागात संघाला एखादी लहानशी जहागीर भाडेपट्ट्याने देण्याची सोय केली आहे, तिचे स्वागत करू; पण पश्चिमेकडे एका राजाने संघाची मिळकत जप्त केली असता पूर्वेकडे एका किल्ल्याची रसद तुटते, हा जो या संस्थेचा प्राणभूत संबंध, तो त्या पटावर कोठेही नाही.

आता दुसरा युक्तिवाद. आणि माझ्या विरोधाचा खरा रोख येथेच आहे. परधर्मीयांशी युद्ध म्हटले की संघ हजर, हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही. ११६८ साली जेरुसलेमचा राजा आमालरिक याने इजिप्तवर स्वारी करण्याचा घाट घातला. परधर्मीयांचा मुलूख, कमकुवत शत्रू, अपार लूट. खेळातील नियमानुसार याहून निर्मळ धर्मयुद्ध ते कोणते! हॉस्पिटलरांचा प्रमुख गिल्बर्ट द आसाइयी याने या मोहिमेचा हिरिरीने पुरस्कार केला आणि बिलबैस शहराचे उत्पन्न आपल्या संघाकडे येईल या आशेवर संघाला कर्जात बुडवले. टेंपलरांनी मात्र साफ नकार दिला. इजिप्तच्या दरबाराशी आदल्याच वर्षी तह झाला होता, त्याच्या वाटाघाटींत त्यांचाच एक बंधू राजाचा वकील म्हणून गेला होता, आणि दिलेला शब्द मोडणे त्यांना मान्य नव्हते. प्रतिस्पर्धी संघाने सुचवलेल्या मोहिमेविषयीचा आकसही त्यामागे असावा, असे त्या काळचा इतिहासकार टायरचा विल्यम सूचित करतो. राजा त्यांच्यावाचून गेला, मोहीम फसली, आणि ११६९च्या प्रारंभी इजिप्त सीरियाचा सेनापती शिरकूह याच्या हाती जाऊन पुढे त्याचा पुतण्या सलाहुद्दीन तेथे प्रबळ झाला. ज्या नकाराने एका राज्याच्या भवितव्यावर असा परिणाम झाला, तो नकार खेळात उच्चारण्याची मुभा कोणत्याही संघाला नाही.

साठ वर्षांनी, १२२८ साली, सम्राट फ्रेडरिक दुसरा पवित्र भूमीत उतरला तेव्हा पोपने त्याला बहिष्कृत केलेले होते. ट्यूटॉनिक संघाचा प्रमुख हेर्मान फॉन साल्झा त्याच्या बाजूने उभा राहिला. टेंपलर आणि हॉस्पिटलर मात्र बहिष्कृताच्या निशाणाखाली चालण्यास तयार होईनात आणि त्याच्या फौजेपासून अंतर राखून मागोमाग कूच करीत राहिले. शेवटी सम्राटाच्या नावाऐवजी परमेश्वराच्या आणि ख्रिस्ती समाजाच्या नावाने हुकूम सुटू लागले, तेव्हा कोठे ते सामील झाले. एकाच युद्धात, एकाच शत्रूपुढे, एकाच धर्माच्या तीन संघांनी दोन निरनिराळ्या भूमिका घेतल्या. याला पुण्याचा कोणता भाव लावावा?

आणि स्वधर्मीयांविरुद्ध शस्त्र न उचलण्याचा नियम? १२५६ नंतर एकर बंदरात व्हेनिस आणि जिनोआ यांच्या व्यापाऱ्यांची लढाई पेटली, तेव्हा टेंपलर व्हेनिसच्या बाजूला आणि हॉस्पिटलर जिनोआच्या बाजूला होते. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या रणांगणावर ट्यूटॉनिक संघाचा जो संहार झाला तो बाप्तिस्मा घेतलेल्या पोलंडच्या राजाच्या हातून झाला. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर, १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या समोर अब्दालीच्या पक्षात उभ्या असलेल्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागे होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. आणि हाच अनुपगिरी पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी राहिला. शस्त्रधारी संन्याशाची निष्ठा केवळ त्याच्या उपास्यावरून ठरवणारा नियम युरोपात खोटा ठरतो आणि हिंदुस्थानातही.

या संघांचे वैशिष्ट्य त्यांच्या शौर्यात शोधणे चुकीचे आहे. शूर माणसे प्रत्येक राजाच्या पदरी होती. त्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या कायदेशीर स्थानात आहे. ११२९ साली त्र्वा येथील धर्मसभेने टेंपलरांना नियमावली दिली. तिच्यात सरदाराला तीन घोडे आणि एक चाकर बाळगण्याची परवानगी होती, आणि सिंहाखेरीज कशाचीही शिकार करण्याची त्याला मनाई होती. परंतु खरी सत्ता आली ती ११३९ साली, जेव्हा पोप इनोसंट दुसरा याने आज्ञापत्र काढून या संघाला प्रत्यक्ष आपल्या छत्राखाली घेतले आणि धर्मकरातून मुक्त केले. तेव्हापासून स्थानिक बिशपचा अंमल त्यांच्यावर चालेना, आणि राजाने किल्ला दिला म्हणून ते राजाचे चाकर होईनात. हंगेरीचा राजा आंद्रे दुसरा याला याचा अनुभव पुढे आला. त्याने १२११ साली ट्यूटॉनिक संघाला ट्रान्सिल्व्हानियाच्या सरहद्दीवरचा मुलूख कुमान टोळ्यांपासून रक्षण करण्यासाठी दिला. संघाने तेथे किल्ले उभारले, वसाहती केल्या आणि मग तो मुलूख पोपच्या थेट स्वामित्वाखाली देण्याची खटपट आरंभली. १२२५ साली राजाने फौज नेऊन त्यांना बेदखल केले. तोच संघ थोड्याच वर्षांत प्रशियात जाऊन स्वतःच एक राज्य होऊन बसला.

आरागॉनचा राजा आल्फोन्सो पहिला याने तर याहून विलक्षण गोष्ट केली. निपुत्रिक असलेल्या या राजाने ११३१ साली मृत्युपत्र करून आपले सबंध राज्य टेंपलर, हॉस्पिटलर आणि जेरुसलेमच्या पवित्र समाधीचे पुजारी यांना समान हिश्शांनी लिहून दिले. ११३४ साली तो वारला. सरदारांनी मृत्युपत्र धुडकावून त्याच्या मठवासी भावाला गादीवर बसवले. पण संघांचा हक्क रद्द झाला असे कोणी म्हणू शकेना, आणि ११४३ साली मोंझोनसह अनेक किल्ले, राजाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि पुढे जिंकल्या जाणाऱ्या मुलखाचा पाचवा हिस्सा देऊन टेंपलरांशी तडजोड करावी लागली. वारसाहक्काच्या तंट्यांवर उभारलेल्या खेळाला इतिहासाने आयता वाढून ठेवलेला हा प्रसंग, आणि त्यानेच तो टाकून द्यावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राहिला संक्षेपाचा मुद्दा. नकार देणारा संघ खेळणाऱ्याला जाचक होईल, असे म्हटले जाते. पण या खेळात मांडलिक नकार देतात, मंत्री विरोध करतात, भाऊ कट करतात आणि वारस उलटतात; त्या जाचातच खेळाची सारी गोडी आहे, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा त्यात आधीपासून सिद्ध आहे. तीच संघांना लावावयाची आहे. २०१३ साली आलेल्या ‘सन्स ऑफ अब्राहम’ या पुरवणीत संघाकडून कर्ज काढण्याची, त्याला आपल्या राज्यात किल्ला बांधू देण्याची आणि त्याला हाकलून देण्याची योजना होतीच. ती दिशा बरोबर होती. ती पुरी चालली गेली नाही, इतकेच.

कर्जाचा प्रसंग किती रसपूर्ण असू शकतो, याचे चित्र सेंट लुईच्या, म्हणजेच फ्रान्सचा राजा लुई नववा याच्या, चरित्रात त्याचा सोबती ज्वांव्हिल याने रेखाटून ठेवले आहे. १२५० साली हा राजा इजिप्तमध्ये कैद झाला; खंडणीचा पहिला हप्ता दोन लाख लिव्रचा, नाणी तराजूत तोलून द्यायची, आणि तोलता तोलता तीस हजार कमी भरली. जवळच टेंपलरांच्या गलबतावर पेट्या भरून पैसा होता. संघाचा अधिकारी ओत्रिकूर म्हणाला की ही लोकांची ठेव आहे, ठेवीदारांखेरीज कोणाला न देण्याची आम्ही शपथ घेतली आहे. तेव्हा संघाचाच सेनापती व्हिशिए पुढे झाला आणि त्याने सुचवले की, आम्हांला शपथ मोडता येत नाही, पण राजाच्या माणसांनी बळाने घेतले तर तो त्यांचा प्रश्न. आजाराने खंगलेला ज्वांव्हिल गलबताच्या तळघरात उतरला, खजिनदाराने किल्ल्या नाकारल्या, ज्वांव्हिलने तेथे पडलेली कुऱ्हाड उचलली, आणि सेनापतीने बळजबरी सिद्ध झाली असे पाहून किल्ल्या देवविल्या. शपथ राहिली, हप्ताही पुरा झाला. आपल्या राजासाठीसुद्धा ठेव न उघडणारी आणि त्याच वेळी वाट काढून देणारी ही संस्था खेळाच्या पटावर भाडोत्री फौज म्हणून उभी करणे, हा तिच्यावरचा अन्यायच आहे.

तेव्हा माझी सूचना नेमकी आहे. प्रत्येक संघाला स्वतःचा खजिना आणि विखुरलेली मिळकत असावी. त्याच्या प्रमुखाला राजाविषयी, पोपविषयी आणि प्रतिस्पर्धी संघाविषयी स्वतंत्र मत असावे. युद्धाची हाक आली की त्या मतानुसार त्याने होकार, अटी किंवा नकार द्यावा. आणि ज्या राजाने त्याला सरहद्दीवर जमीन दिली, त्याला ती परत घेण्याची पाळी येऊ शकावी. या खेळाच्या नियमांच्या संहिता साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात आणि त्या बदलून नवे प्रसंग रचण्याची मुभा खेळणाऱ्यांना आहे. हा खेळ आवडीने खेळणाऱ्या मराठी तरुणांनी कंपनीची वाट न पाहता हे काम स्वतः अंगावर घ्यावे, आणि आरंभ हंगेरीच्या राजा आंद्रेपासून करावा. १२११ची सनद आणि १२२५ची हकालपट्टी या दोन घटना नीट साधल्या, तर पुढचे नियम कसे असावेत हे त्यांचे त्यांनाच कळेल.