सिरा उर्फ शिराझ

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'उर्फ' या शब्दाची धास्ती असते. एका माणसाची दोन नावांनी खाती दिसली, की कुठंतरी पाणी मुरतंय हे आम्हाला न शिकवता समजतं. वाईनच्या एका काळ्या द्राक्षाचं हेच आहे. फ्रान्समध्ये ते 'सिरा' (सत्यनारायणाच्या शिऱ्याशी संबंध नाही, काकूंनी निश्चिंत असावं), ऑस्ट्रेलियात 'शिराझ'. नाशिकच्या बाटल्यांवरही बहुधा शिराझच.

दोन नावांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती चिकटवलेल्या वंशावळीला. हाती पेला आला की कोणीतरी जाणकार सुरू होतोच : हे द्राक्ष मूळचं इराणातल्या शिराझचं बरं का! धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदारानं आणलं आणि ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर मठी बांधून लावलं. म्हणून त्या टेकडीचं नाव हर्मिताज.

गोष्ट छान आहे, पण दाखला बोगस. 1998च्या सुमारास कॅलिफोर्निया आणि माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासला. आईबाप निघाले मोंद्यूज ब्लांश आणि दुरेझा. दोघंही आग्नेय फ्रान्सचे, दोघंही सामान्य, कोणाच्या खिजगणतीत नसलेले. तरी इराणची गोष्ट थांबत नाही. मुलगा साहेब झाला, की धोतरातल्या बापाला लग्नात मागच्या रांगेत बसवायचं, त्यातलाच हा प्रकार!

अहो, पोराची कमाई बघा की. हर्मिताजची टेकडी उणीपुरी 135 हेक्टरांची. जवळच्या कोत-रोतीचा, म्हणजे 'भाजलेल्या उतारा'चा, चढ असा, की बऱ्याच ठिकाणी यंत्र चालत नाही. दगडी बांधांवर माणसानंच चढायचं. तिथली वाईन गडद, तुरट, जरा धुरकट, आणि चक्क मिऱ्याच्या वासाची. मिरी कोणी घालत नाही हं. मिऱ्यात जे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं तेच या द्राक्षाच्या सालीत असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवलं. थंड जागी ते जास्त. ऑस्ट्रेलियातल्या उबदार बरोसा खोऱ्यात तेच द्राक्ष गोडसर, जाडजूड, मुरंब्याकडं झुकणारं होतं. जेम्स बस्बीनं 1832 साली वेलींच्या काड्या तिकडं नेल्या त्या फ्रान्समधून. इराणचा संबंध इथंही नाही.

आणि खानदानाचंच म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे बडे व्यापारी आपल्या पातळ वाईनला बळ यावं म्हणून तीत हर्मिताज मिसळत. ताकद याची, नाव त्यांचं. आमच्या शाखेत हेडक्लार्क आणि मॅनेजर यांच्यात हीच व्यवस्था आहे.

शिराझ शहराला तरी या उसन्या पोराची काय गरज? तिथं हाफिजची कबर आहे, तेवढं पुरे. शिवाय 1979च्या क्रांतीपासून इराणात वाईनला बंदी आहे. जाणकारांच्या लाडक्या माहेरी पोराला उंबरठ्यावरही उभं करणार नाहीत.

तेव्हा यापुढं कोणी सरदाराची गोष्ट सुरू केली, तर वाद घालू नका. खातं उघडताना आम्ही विचारतो तसं शांतपणे विचारा, "आईवडिलांची पूर्ण नावं?"