लेक-टच प्लॉट घेताय? आधी मे महिन्यात जाऊन या

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण गेल्या वर्षभरात आपल्या मुलुंड-घाटकोपर-बोरिवली पट्ट्यातल्या इतक्या ओळखीच्यांनी पवना, मुळशीकडे "लेक-टच" जमीन बघितल्याचं कानावर आलंय, की लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, हातात कॉर्पस आला, की दुसऱ्या महिन्यात कुणीतरी ड्रोनने काढलेला व्हिडिओ पाठवतोच. निळं पाणी, मागे तिकोना, समोर तुंग, काठावर लाकडी बोटहाउस, त्याच्या पायरीला बांधलेली पांढरी बोट. खाली पार्श्वसंगीत.

आमच्याकडे तो व्हिडिओ धाकट्या दिरांनी आणला. ते घाटकोपरला राहतात. त्यांचे दोन ऑफिसमधले मित्र, ते स्वतः आणि आम्ही, असे चौघे मिळून घ्यायचं ठरत होतं. "वहिनी, तुम्ही सोसायटीच्या खजिनदार. एकदा आकड्यांवरून नजर फिरवा, मग टोकन देऊन टाकू." आमच्या वाट्याचे पैसे म्हणजे ह्यांच्या निवृत्तीचे पैसे. त्यामुळे नजर फिरवून भागणार नव्हतं.

विक्रेत्याने दिलेला हिशेब असा. पाच गुंठे, गुंठ्याला १२ लाख, म्हणजे ६० लाख. बोटहाउस १४ लाख, जेटी ४ लाख, बोट ६ लाख, मुद्रांक-नोंदणी आणि वकील धरून ४ लाख. एकूण ८८. प्रत्येकी २२ लाख. कागद छान रंगीत होता.

मी फोन करून एकच विचारलं, रस्त्याच्या वरच्या अंगाला, पाणी न लागणारी जमीन काय भावाने आहे? उत्तर आलं, सातने. म्हणजे तेच पाच गुंठे ३५ लाखांत. वरचे २५ लाख फक्त पाण्याचे. त्यात बोटहाउस, जेटी, बोट यांचे २४ मिळवा. ८८ पैकी ४९ लाख आपण पाण्याच्या भरवशावर देणार होतो. आणि पाणी विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर नाही!

व्हिडिओ सप्टेंबरचा होता. आम्ही गेलो मे महिन्यात. ऐरोलीवरून निघालो, एक्स्प्रेसवे, मग कामशेतहून आत पवनानगर आणि तिथून पुढे धरणाच्या कडेकडेने. (वडापाव खोपोलीच्या आधीच संपले होते, ते जाऊ दे.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा निसर्गाचा तलाव नाही. पवना नदीवरचं धरण आहे, पिंपरी-चिंचवडला प्यायला पाणी इथून जातं. पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत उपसलं जातं. एरवी पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर मे महिन्यात कोरड्यात उभं असतं, लोक चपला काढून आत जातात. मग आपल्या बोटहाउसचं काय होणार? प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यातून मी पाण्याकडे चालत गेले. भेगाळलेला चिखल, बाटल्या, कुणाच्या तरी तंबूचे खुंटे. तीनशे पावलं मोजली, मग मोजणं सोडलं. चार लाखांची लाकडी जेटी तिथे वर्षातले कित्येक महिने मातीत उभी राहणार. पाण्याबरोबर वरखाली होणारी तरंगती जेटी मिळते, पण ती दरवर्षी ओढत खाली न्यायची, पावसाळ्यात परत वर आणायची. ती मजुरी कागदात नव्हती. राखणदाराचा पगारही नव्हता.

परत येताना प्लॉटच्या कुंपणाशी गुरं घेऊन एक आजोबा बसले होते. त्यांना वाटलं आम्ही घेऊन टाकलाय. म्हणाले, "ह्यो दगड बगितला का ताई? धरणाच्या हद्दीचा हाय. ह्याच्या खालचं समदं सरकारचं." दगड कुंपणाच्या आत होता. म्हणजे आम्हाला दाखवलेल्या जागेपैकी काठाची पट्टी, जिच्यावर बोटहाउस रंगवलं होतं, ती बहुधा जलसंपदा खात्याने धरणासाठी संपादित केलेली जमीन. "बहुधा" म्हणते, कारण मोजणीचा नकाशा अजून कुणी दाखवलेला नाही. विक्रेत्याचं म्हणणं, "मॅडम, इथे सगळेच बांधतात."

मग आजोबांनी पाण्याकडे बोट दाखवून आपलं जुनं घर कुठे होतं ते सांगितलं. गाऱ्हाणं म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं आणि पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. याच धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने शहराकडे न्यायला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. आपण त्याच रस्त्याने वीकेंडला जातो. ज्यांची जमीन "सार्वजनिक कामासाठी" म्हणून घेतली, त्यांच्या गुरांना पाण्यावर जायला आता आमचं कुंपण आडवं येणार, हे मला काही पटेना. मी हे गाडीत बोलले तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल." घेईल की. त्याचा हिशेब तो करेल.

आता कागदपत्रांचं. इथे जरा नीट वाचा, कारण खरा खड्डा इथे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आमच्या चौघांत एकाच्याच नावावर गावी शेत आहे. म्हणून तोडगा काय, तर जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर घ्यायची आणि बाकीच्यांचं आपसात लिहून ठेवायचं! मित्र चांगला आहे, वाद नाही. पण उद्या त्याच्या मुलांनी ओळख दाखवली नाही, तर तो आपसातला कागद घेऊन आम्ही कोणत्या कोर्टात उभे राहणार? वर पाच गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा निघणार नाही, सामाईक राहील, असंही विक्रेत्याने हळूच सांगितलं. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्यात, पण त्या याच गटाला लागू आहेत का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या. बिनशेतीचा आदेश मागा. "प्रपोज्ड एनए" म्हणजे एनए नव्हे.

बोटीबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के आहे. आमच्या कागदावर बोटीपुढे बारीक अक्षरात "कर वेगळा" होतं. सहा लाखांवर २ लाख ४० हजार झाले. इंजिनाची बोट असेल तर २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार तपासणी आणि नोंदणी आली, आणि धरणात ती उतरवायला खात्याची परवानगी वेगळीच. उजनीत मे २०२४मध्ये वादळात बोट उलटून सहाजण गेले, ते आठवतं ना? धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून शांत असतं असं नाही.

कुणी म्हणेल, काठावर बांधलं तर एवढं काय बिघडतं. आपल्या पवईचंच बघा. मुंबई महापालिकेने तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. आयआयटीतले विद्यार्थी कोर्टात गेले आणि मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून, झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. तिथला नियम पाणथळ जागांचा होता, पवनेला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, मान्य. पण महापालिकेला जे पचलं नाही, ते चौघांच्या आपसातल्या कागदाला पचेल?

माझं मत विचाराल तर असं आहे. ८८ लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला ६ लाख १६ हजार व्याज येतं. आम्ही चार कुटुंबं वर्षातून सहा वेळा तिथल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहायला गेलो, प्रत्येक वेळी ४० हजार उडवले, तरी २ लाख ४० हजार होतात. बोट त्याची, जॅकेट त्याची जबाबदारी, पैसे गावात. आणि तलावाचीच हौस असेल तर पवई आपल्या दारात आहे, सांडपाणी आणि जलपर्णी यांनी भरलेला. १८९०च्या सुमारास बांधलेला हा तलाव प्यायला निरुपयोगी ठरला, म्हणून आपण तो वाऱ्यावर सोडला. त्याचं सांडपाणी कधी बंद होणार, हे आपल्या वॉर्डात विचारायला एक रुपया लागत नाही. मुलुंडकर नातवंडांना बोटीत बसवायला अजून ठाण्याच्या तलावपाळीलाच नेतात.

दिरांना हे सगळं मी एका वहीच्या पानावर लिहून दिलं. ते रागावलेत. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत सोसायटीचं ऑडिट करता," म्हणाले. फॅमिली ग्रुप तीन दिवस शांत आहे, गुड मॉर्निंगसुद्धा नाही. ह्यांनी मात्र काल रात्री जेवताना विचारलं, तो दगड नक्की कुठे होता गं?

टोकनचे पाच लाख रविवारी द्यायचे आहेत. मी विक्रेत्याकडे तीन कागद मागितलेत: मोजणीचा नकाशा, एनए आदेश आणि काठाच्या पट्टीबद्दल जलसंपदा खात्याचं पत्र. आज गुरुवार. अजून एकही आलेला नाही.