हस्तदाह आणि न विचारलेला प्रश्न

चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचे तिखट-मसाले होतात आणि ‘हातांची आग होते’ ही तक्रार आपल्या दवाखान्यांतून वाढते. या तक्रारीकडे आपण वैद्यमंडळी पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रारंभ स्वतःच्या चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री दोन्ही तळहातांचा दाह घेऊन आली. त्वचेवर ना फोड, ना लाली. पित्तप्रकोप मानून मी कामदुधा व चंदनासव दिले, पथ्य सांगितले. आठ दिवसांनी ती परत आली, ती कडेवरचे तान्हे मूल दाखवण्यासाठी. त्याच्या गालांवर व डोळ्यांभोवती लाली होती. तेव्हा मी प्रथमच विचारले, “बाई, काम काय करता?” ती मिरच्यांचे देठ खुडायला रोजंदारीवर जात होती. रुग्ण दोन झाले होते. कारण एकच होते, आणि ते माझ्या केसपेपरावर नव्हते.

मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ती असणे शक्य नाही. तेव्हा जुन्या वचनांची ओढाताण न करता आधुनिक संशोधन मोकळेपणाने स्वीकारावे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहीला चेतवते. १९९७ साली हा ग्राही उजेडात आणणारे डेव्हिड ज्युलियस हे २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी आहेत. त्वचा न भाजताही भाजल्याची वेदना होते आणि कोमट पाणीही झोंबते, ते यामुळेच. दाह कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. त्यामुळे रुग्णालाही कारण उमगत नाही.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्नेहात विरघळते. म्हणून खोबरेल लावण्याची घरगुती रीत योग्यच, परंतु अपुरी. तेल चोळून ते कापडाने पुसून काढावे, मग साबण व गार पाण्याने हात धुवावेत. गरज पडल्यास पुन्हा तसेच करावे. शतधौत घृत त्यानंतरच लावावे. वर घट्ट पट्टी बांधू नये. डोळ्यांत तिखट गेल्यास मात्र स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे आणि त्रास न थांबल्यास रुग्णास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

निदानपरिवर्जन ही आपली पहिली चिकित्सा. पण ‘मिरचीला हात लावू नका’ हे पथ्य रोजंदारीवरच्या स्त्रीला परवडत नाही. तिला हातमोजे, तेल, साबण आणि मुलाला घेण्यापूर्वी हात धुण्याची सवड हवी; हे तिच्या मालकास सांगणे हेही वैद्याचेच काम आहे. नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी त्या हातांना रोज काय करावे लागते, एवढे आपण विचारावे, ही सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना नम्र विनंती.