बँकांतील स्पर्धा आणि जनतेची पुंजी

कोल्हापुरात १९४३ साली स्थापन झालेली रत्नाकर बँक ही दीर्घकाळ कोल्हापूर-सांगली भागातील एक लहान बँक होती. पुढे तिचे नामांतर आरबीएल बँक असे झाले; आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे ६० टक्के भागभांडवल दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने सुमारे २६,८५० कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर झाला. तामिळनाडूतील करूर येथे १९२६ साली व्यापाऱ्यांनी उभी केलेली लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर २०२० मध्ये डबघाईस आली. ठेवीदारांना २५,००० रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली आणि दहा दिवसांत ती सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतातील उपकंपनीत विलीन झाली. स्थानिक ठेवींवर वाढलेल्या या दोन बँकांचा प्रवास एकाच दिशेने झाला, हा योगायोग नव्हे. १९९१ नंतर स्वीकारलेल्या धोरणाचेच ते फळ होय.

नोव्हेंबर १९९१ मधील नरसिंहम समितीच्या अहवालापासून एक सिद्धांत अव्याहत सांगितला जात आहे : खाजगी व विदेशी बँकांशी स्पर्धा करावी लागली की सरकारी बँका कार्यक्षम होतील आणि त्याचा लाभ साऱ्या अर्थव्यवस्थेस मिळेल. हा सिद्धांत इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. १९६९ पूर्वी स्टेट बँक व तिच्या संलग्न बँका वगळता देशातील बड्या बँका खाजगीच होत्या आणि आपसांत स्पर्धाही करीत होत्या. तरीही त्या वर्षी एकूण ८,२६२ शाखांपैकी जेमतेम २२ टक्के शाखा ग्रामीण भागात होत्या. १९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ पासून, शहरात एक शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार ग्रामीण ठिकाणी शाखा उघडण्याचे बंधन आले. १९९० च्या सुमारास शाखांची संख्या ६०,००० च्या घरात पोचली व त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रामीण भागात होत्या. हे स्पर्धेने नव्हे, सार्वजनिक निर्णयाने घडले. कर्जाचा मोठा वाटा तेव्हाही सधन शेतकरी व बडे उद्योगपती यांच्याच पदरी पडत असे, हे खरे. परंतु खेड्यातील गरजूसाठी सावकाराच्या दाराखेरीज आणखी एक दार उघडले, हेही तितकेच खरे.

१९९० साली ते बंधन उठविण्यात आले. १९९३ पासून नव्या खाजगी बँकांचा मार्ग मोकळा झाला. स्पर्धा सुरू झाली, पण कोणासाठी ? दहा हजारांच्या पीककर्जासाठी अर्ज तपासणे, शेत पाहणे व वसुली करणे यांचा खर्च कारखानदाराच्या दहा कोटींच्या कर्जाच्या मानाने किती तरी अधिक पडतो. नफा हाच एकमेव निकष ठरला की प्रत्येक बँक त्याच अल्पभूधारकास टाळते व प्रत्येक बँक त्याच पगारदार वा श्रीमंत ग्राहकामागे धावते. १९९० नंतरच्या दशकात ग्रामीण शाखांची संख्या वाढण्याऐवजी घटली, ती यामुळेच. या रिकाम्या जागेत सूक्ष्म-कर्ज कंपन्या शिरल्या. बँकांकडूनच घाऊक कर्ज व विदेशी गुंतवणूकदारांकडून भांडवल घेऊन त्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांना चढ्या व्याजाने कर्ज देऊ लागल्या. एकेका घरामागे अनेक कंपन्यांचा तगादा लागला. आंध्र प्रदेशात कर्जबाजारी स्त्रियांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढून वसुलीस वेसण घालावी लागली. स्पर्धा खेड्यात पोचली, ती या रूपाने !

सरकारी बँकांनाही याच शर्यतीत लोटण्यात आले. उद्योगांना दीर्घ मुदतीचा पैसा पुरविणाऱ्या आयसीआयसीआय व आयडीबीआय या विकास-वित्त संस्था अनुक्रमे २००२ व २००४ साली व्यापारी बँकांत सामावल्या गेल्या. परिणामी वीज, पोलाद, महामार्ग यांची प्रचंड कर्जे अल्प मुदतीच्या ठेवींवर चालणाऱ्या बँकांच्या गळ्यात पडली. मार्च २०१८ अखेर सरकारी बँकांची थकित कर्जे सुमारे ९ लाख कोटी रुपयांवर गेली. त्यांतील सर्वांत मोठा वाटा बड्या उद्योगगृहांचा होता. अकार्यक्षमतेचा ठपका मात्र बँक कर्मचाऱ्यांवर आला. उपाय म्हणून विलीनीकरणे झाली आणि २०१७ साली २७ असलेल्या सरकारी बँका १ एप्रिल २०२० रोजी १२ उरल्या. स्पर्धेच्या नावाने आरंभ, शेवट मात्र केंद्रीकरणात ! बँका साध्या मध्यस्थाच्या भूमिकेतून मक्तेदार कशा बनतात, हे लेनिनने १९१६ सालीच दाखवून दिले होते.

जोखीम कोण उचलतो, हेही पाहण्यासारखे आहे. २००४ साली ग्लोबल ट्रस्ट बँक कोसळली तेव्हा ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स या सरकारी बँकेने ती पदरात घेतली. मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत येताच स्टेट बँकेने सहा हजार कोटींहून अधिक रक्कम घालून तिला तारले. २०२५ साली तिची सर्वांत मोठी भागधारक जपानची सुमितोमो मित्सुई बँक झाली. स्टेट बँकेस या विक्रीत नफा झाला, असे उत्तर दिले जाते व ते खोटे नाही. परंतु संकटात सरकारी बँक आणि सुस्थितीत विदेशी मालक, हा क्रम त्यामुळे बदलत नाही.

मुक्त वित्त भांडवलाच्या मागे जाण्याची किंमत आइसलँडने मोजली आहे. तेथील तीन मोठ्या बँकांचा पसारा २००८ पर्यंत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आठवड्याभरात तिन्ही कोसळल्या. त्याच संकटात भारतातील बँका तगल्या, यामागे बँकांवरील सार्वजनिक मालकी व भांडवलाच्या ये-जा करण्यावरील निर्बंध ही मोठी कारणे होती. ज्या तटबंदीने रक्षण केले, तीच अडथळा म्हणून पाडण्याचा उद्योग चालू आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत : सरकारी बँकांतील विदेशी भांडवलाची २० टक्क्यांची मर्यादा वाढवू नये, खाजगी बँकांतील ७४ टक्क्यांची मर्यादा खाली आणावी, शहरी शाखेच्या बदल्यात ग्रामीण शाखांचे बंधन पुन्हा घालावे, आणि बड्या थकबाकीदारांची नावे व कर्जमाफीचे आकडे जनतेपुढे ठेवावेत. हा प्रश्न केवळ बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा नव्हे. ठेवी श्रमिकांच्या आहेत. त्या कोणाच्या हाती व कोणाच्या कामी याव्यात, हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. कामगार, किसान व बँक कर्मचारी यांच्या संयुक्त लढ्याखेरीज तो अधिकार हाती येणार नाही.